आधी वही, मग मांडव

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मोबाईल मधोमध ठेवून ऐकणाऱ्या, सगळ्यांना नमस्कार. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून बोलते आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींचा कुणी ना कुणी, दीर म्हणा, भाऊ म्हणा, जावई म्हणा, इथे कामाला येऊन गेला असेल. 1962 साली एमआयडीसी सुरू झाली, तिची पहिली वसाहत ही. एकेकाळी इथे सकाळी सात वाजता भोंग्यामागून भोंगा व्हायचा. आता बऱ्याच कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, पण मागच्या किसननगर, रामनगर, इंदिरानगरच्या गल्ल्यांतली माणसं तीच. सातारा, सांगली, जुन्नर, कोकण, सगळीकडून आलेली. मी इथे महिला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते.

आज लग्नाविषयी बोलायचं आहे. लग्न कमी पैशांत करा, असं सांगणारे पुष्कळ असतात, आणि ते ऐकून आईच्या पोटात खड्डा पडतो. कारण कमी पैशांत म्हणजे उरकून टाकलेलं, असंच आपल्याला वाटतं. मला उरकलेल्या लग्नाविषयी बोलायचंच नाही. देखण्या लग्नाविषयी बोलायचं आहे. पण आधी थोडं घरचं सांगते.

माझे वडील इथे एका कारखान्यात होते. 2001 साली तो बंद पडला. पुढच्या वर्षी फंड, ग्रॅच्युईटी सगळं मिळून एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये हातात आले. 2003 मध्ये माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. आमचं गाव पाटण तालुक्यात. गावात आम्ही 'मुंबईकर'. ठाण्यात राहिलं तरी गावाला मुंबईकरच! आणि मुंबईकराच्या घरचं लग्न म्हटल्यावर गावजेवण आलं, बँड आला, ठाण्याहून दोन बसगाड्या आल्या. भावकीतल्या कुणाला टोपी, कुणाला फेटा. अकराशे पानं उठली. एक लाख साठ हजार रुपये चार दिवसांत संपले. त्याशिवाय ठाण्यात परत आल्यावर चाळीतल्या लोकांना वेगळं जेवण, कारण ते गावाला येऊ शकले नव्हते. एकाच लग्नाच्या दोन पंगती. शहरात राहणारं पोर असलेल्या प्रत्येक घराला हा डबल खर्च ठाऊक आहे.

मी तेव्हा दहावीत होते. बारावीनंतर मला डी.एड. करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. मार्कही बरे होते. पण घरात पैसे नव्हते, आणि का नव्हते ते कुणी उघड बोललं नाही. मी रोड नंबर बावीसवरच्या एका युनिटमध्ये पॅकिंगला लागले आणि बीए केलं ते मुक्त विद्यापीठातून, रविवारी रविवारी अभ्यास करून. वडिलांना दोष देत नाही मी. त्यांना त्या चार दिवसांत जो मान मिळाला, तो कारखान्यात तीस वर्षांत मिळाला नव्हता.

पण एकदा मी ताईला विचारलं, तुला तुझ्या लग्नातलं काय आठवतं गं? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आजीने पहाटे हळद लावताना माझे पाय मांडीवर घेतले होते, ते आठवतं. आणि बँडचा आवाज इतका होता, की मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत. अकराशे लोकांचं जेवण, बसगाड्या, फेटे, यातलं तिला काही आठवलं नाही. आजीच्या मांडीला एक रुपया लागला नव्हता.

माझं स्वतःचं लग्न 2012 ला झालं, रजिस्टर. महिनाभर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली, तीस दिवस झाल्यावर तीन साक्षीदार घेऊन गेलो, सह्या केल्या, पेढे वाटले. खर्च म्हणाल तर पेढ्यांचाच जास्त झाला असेल. नातेवाईक बरीच वर्षं विचारायचे, काय गं, काही भानगड होती का? त्याचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या आईला माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधायला मिळाल्या नाहीत, ही हुरहूर तिला अजून आहे, आणि आता मलाही आहे. म्हणून सगळ्यांनी रजिस्टर लग्न करा, असं मी सांगत नाही. ज्यांना करायचं त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांना मुंडावळ्या, हळद, मांडव, सगळं हवं असतं आणि ते हवं असण्यात काही चूक नाही.

आता आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी आहे पण नावाशिवाय. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करतात, यजमान रिक्षा चालवतात. थोरल्या मुलीच्या लग्नाला त्यांनी खासगी सावकाराकडून दोन लाख घेतले होते, शेकडा तीन रुपये महिन्याने. म्हणजे महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. अकरा महिने त्यांनी सहा-सहा हजार भरले, सहासष्ट हजार रुपये गेले, आणि मुद्दल दोन लाखाचं दोन लाख. शेवटी गळ्यातलं गंठण मोडलं. धाकट्या मुलीचं ठरलं तेव्हा त्या गटाच्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, मला एक लाख पाहिजेत.

बैठकीत शांतता पसरली. आमच्या गटाचा नियम असा, की धंद्यासाठी कर्ज मागितलं तर कागद दाखवावा लागतो. शिलाई मशीन कितीचं, कुठून घेणार, महिन्याला किती सुटतील. पण लग्नाला मात्र कुणी कागद मागत नसे. लग्नाच्या कर्जाला कसला हिशोब, असंच सगळ्यांना वाटायचं. त्या दिवशी आमच्यातली एक वयस्कर बाई, सही करायलाही गटातच शिकलेली, ती म्हणाली, "मशीन तरी पैसा मिळवून देतं, त्याचा कागद मागता. लग्नातून तर काहीच मिळत नाही, मग त्याचा नको का?" ताईंना राग आला. उठून गेल्या. दोन दिवसांनी मी घरी गेले तेव्हा त्यांनीच दार उघडून वही पुढे केली. म्हणाल्या, लिही.

पहिल्या पानावर आम्ही खर्च लिहिला नाही. पैसे लिहिले. आहेत किती, आणि फेडता येतील किती. हा क्रम महत्त्वाचा आहे बायांनो. आपण उलटं करतो. आधी हॉल ठरवतो, साड्या ठरवतो, मग बेरीज करतो आणि मग कर्ज शोधत फिरतो. ताईंकडे साठवलेले पन्नास हजार होते. घरखर्च जाऊन महिन्याला जास्तीत जास्त अठ्ठावीसशे बाजूला पडत होते. त्यावरून गटाचं कर्ज ठरलं, चाळीस हजार. आमच्याकडे शेकडा दोन रुपये महिना, तेही उरलेल्या मुद्दलावर. महिन्याला दोन हजार मुद्दल. पहिल्या महिन्याला व्याज आठशे, दुसऱ्याला सातशे साठ, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला चाळीस रुपये. वीस महिन्यांचं सगळं व्याज आठ हजार चारशे. हे आठ हजार चारशे आम्ही लग्नाच्या खर्चातच लिहिले, मंडपाच्या खाली. व्याज हाही लग्नाचाच खर्च आहे, फक्त त्याचा फोटो काढत नाही कुणी.

म्हणजे मुलीकडचे नव्वद हजार. आता पाळी मुलाकडच्यांशी बोलण्याची.

इथे खरी परीक्षा असते. बैठकीत नेहमीचं वाक्य येतंच, "आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या." या वाक्याइतकं महाग वाक्य मराठीत दुसरं नाही! हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, 1961 पासून आहे, पण या वाक्याला कुठलं कलम लावणार? आम्ही ठरवून गेलो होतो. ताईंनी वही उघडून मुलाच्या आईपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडे एवढे आहेत. तुमच्याकडचे किती, ते खाली लिहू. दोन्ही मिळून एक लग्न करू." मुलाची आई वाचत राहिली. ती स्वतः भिवंडीच्या लूमवाल्याकडे धागे भरायला जाते. तिने पेन घेतलं आणि साठ हजार लिहिले. असे दीड लाख झाले.

मुलाचे मामा मात्र बिघडले. "असं कुठे असतं का? लोक काय म्हणतील?" ते काही वाईट माणूस नव्हेत, त्यांना भाच्याच्या लग्नात थाट हवा होता. मी त्यांना म्हटलं, मामा, असं पुष्कळ ठिकाणी असतं. साताऱ्या-सांगलीकडे 'यादी पे शादी' म्हणतात ना? याद्या करायला बसतात आणि त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळे होतात. महात्मा फुल्यांनी 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, सावित्रीबाई पुढे होऊन. भटजी नाही, बडेजाव नाही, नवरा-नवरीने लोकांसमोर एकमेकांना शपथ द्यायची. दीडशे वर्षं झाली त्याला. आणि आपण सगळ्यांनी करोनात पाहिलं. 2020 ला पन्नास माणसांत लग्नं झाली, 2021 च्या एप्रिलमध्ये तर सरकारने पंचवीस माणसं आणि दोन तास एवढंच ठेवलं होतं. त्या जोडप्यांची पोरं आज अंगणवाडीत जातात. कुणी म्हणतं का, तुमचं लग्न कमी झालं म्हणून?

मामा काही लगेच मऊ झाले नाहीत. पण त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे 2025 मध्ये, पुण्याकडची ती बातमी सगळ्या टीव्हीवर आली. लग्नात सोनं दिलेलं, महागडी गाडी दिलेली, आणि तरी त्या मुलीचा जीव गेला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाची आचारसंहिता ठरवायला लागले लोक. माणसं थोडी बोलवा, डीजे नको, प्री-वेडिंगचं शूटिंग नको, सत्काराची भाषणं नकोत. आमच्या भाचीच्या लग्नाला तेव्हा महिना होऊन गेला होता. मामांनी आपण होऊन ताईंना फोन केला. काय बोलले ते ताईंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता लग्न कसं झालं ते सांगते.

ताईंनी मुलीला विचारलं, तुला एक गोष्ट मनासारखी मिळेल, कुठली पाहिजे? एकच हं. मला वाटलं होतं ती शालू म्हणेल, नाहीतर ब्यूटी पार्लर. पोरगी म्हणाली, येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसात खरा मोगरा पाहिजे. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. मोगऱ्याचा हंगाम होता, एप्रिल. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे दोघी जणी कल्याणच्या फुलबाजारात गेल्या. तिथे माल किलोवर मिळतो, पहाटे भाव करता येतो. दोन किलो मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, शेवंती आणि झेंडू आणला. कळ्या ओल्या फडक्यात, सावलीत. संध्याकाळी गटातल्या सतरा बायका ताईंच्या घरासमोर सतरंजीवर ओवायला बसल्या. दोन किलोत शंभराच्या जवळपास छोटे गजरे झाले. ओवता ओवता गाणी सुरू झाली. जिला जी येत होती ती, साताऱ्याची, कोकणची, घाटावरची. शेजारची आगरी आजी धवले म्हणायला बसली. आगरी-कोळ्यांच्या लग्नात पूर्वीपासून धवलारीण असते, तीच धवले गाऊन लग्न लावते. वारल्यांमध्येही धवलेरी असते. म्हणजे लग्न लावणारी बाई आपल्या ठाणे जिल्ह्याला नवी नाही! आमची आजी आता थकली आहे, आवाज चिरका झाला आहे, पण पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. डीजेचे बारा हजार वाचले, हे तर झालंच.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात परडी घेऊन दोन मुली उभ्या केल्या. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला गजरा. उन्हातून, लोकलमधून, रिक्षातून घामाघूम होऊन आलेल्या बायका, केसात गजरा माळला की चेहरा बदलत होता त्यांचा. हॉलभर वास. फुलांचा सगळा खर्च साडेपाच हजार, त्यात हार आणि मांडवाची तोरणंही आली. स्टेजला थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं लावायचे वीस हजार सांगितले होते. त्याऐवजी आंब्याचे डहाळे, केळीचे खांब आणि मागे ताईंच्या सासूबाईंची जुनी हिरवी नऊवारी ताणून लावली. फोटोत ती इतकी सुंदर दिसते, की लोक विचारतात कुठल्या डेकोरेटरची. तुमच्या गावात तर डहाळे आणि केळी अंगणात मिळतील, आम्हाला ते आणायला येऊरच्या पायथ्याशी ओळख काढावी लागली.

हॉल म्हणजे समाजमंदिर, तेही मधल्या वारी. रविवारचा आणि मोठ्या मुहूर्ताचा भाव वेगळाच असतो. नऊ हजारांत झालं. तुम्ही शाळेचं पटांगण, देवळाचा सभामंडप, खळं बघा. मुहूर्त सकाळचा घेतला. सकाळच्या लग्नाला रोषणाई लागत नाही, जनरेटर लागत नाही, आणि पाहुणा त्याच दिवशी घरी पोहोचतो, म्हणजे मुक्कामाची सोय नको.

जेवण आमच्याच गटाने केलं. एक आचारी लावला, बाकी हात आमचे. वरण-भात-तूप, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, पापड, जिलेबी आणि मठ्ठा. दोनशे पानांचा अंदाज लिहून घ्या, तुमच्या उपयोगी पडेल. तांदूळ वीस किलो, तूरडाळ आठ, मटकी दहा, कणीक पंचवीस, बटाटा तीस, जिलेबी पंधरा. शिधा, आचारी, भांडी, गॅस धरून छत्तीस हजार झाले, म्हणजे पान एकशे ऐंशीला. पाच भाज्या आणि तीन गोड ठेवले की प्रत्येकजण थोडं थोडं टाकतो. चार पदार्थ गरम आणि चवीचे असले की ताट पुसून जेवतात. पंगतच ठेवली, बुफे नाही. वाढायला गल्लीतली पोरं.

आता चूक सांगते. दोनशेचा अंदाज होता, दोनशे चाळीस आले. मुलाकडच्या कारखान्यातली मंडळी दुपारच्या सुट्टीत आली, ती यादीत नव्हती. जिलेबी संपली. मठ्ठ्यात पाणी वाढलं, हे मी रेडिओवर कबूल करते. आम्ही राबणाऱ्या बायका साडेतीनला जेवायला बसलो तेव्हा वरण-भात आणि लोणचं एवढंच उरलं होतं. यादी करताना दोन्हीकडच्यांनी नावं लिहायची, नुसता आकडा सांगायचा नाही. "आमचे शंभर" म्हणजे किती, ते नावं लिहायला बसलं की कळतं.

मानपानाचं आम्ही असं केलं. टॉवेल-टोपी आणि ब्लाऊजपीस दोन्हीकडून पूर्ण बंद. हे कापड एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत असतं, घालत कुणीच नाही. फक्त दोन्हीकडच्या आज्यांना एकेक सुती लुगडं. सत्कार नाही, भाषण नाही, त्यामुळे मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा होता आणि अक्षता बारा वाजून दहा मिनिटांनीच पडल्या. अक्षतांना तांदूळ मूठभरच रंगवले, बाकी शेवंतीच्या पाकळ्या. मामांना फेटा नव्हता, त्यांनी फोटो काढताना तोंड वळवलं होतं. तो फोटो अल्बममध्ये आहे.

रुखवत मात्र भरपूर. पण विकतचं नाही. हल्ली रुखवताचा तयार सेट मिळतो, आणि भाड्यानेही मिळतो, म्हणजे मुलीच्या हातची म्हणून मांडायची वस्तू दुसऱ्या दिवशी परत! आमच्या बायकांनी जे मांडलं ते मुलगी घरी घेऊन गेली. गोधडी, सहा महिन्यांचा मसाला, कुरडया, पापड, लोणच्याची बरणी, लोकरीचं तोरण. गोधडीत ताईंच्या, सासूबाईंच्या आणि थोरल्या मुलीच्या साड्या आहेत.

सोन्याचं बोलायला हवं, कारण सगळं वाचवलेलं तिथे जातं. 2025 च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला. ताईंनी नवं सोनं घेतलंच नाही. सासूबाईंची मोडकी कर्णफुलं आणि एक अंगठी होती, त्यातून दोन वाट्या आणि चार मणी घडवले, बाकी काळी पोत. घडणावळ आणि बाकीचं मिळून अकरा हजार लागले. जुनं सोनं मोडायला जाल तेव्हा डोळ्यांदेखत वजन करून घ्या, वजनाचा आणि घटीचा आकडा पावतीवर लिहून घ्या. नवा दागिना घ्याल तर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी ताडून बघा. पक्कं बिल म्हटल्यावर तीन टक्के जीएसटी लागतो म्हणून काही जण कच्ची चिठ्ठी मागतात. तो दागिना पुढे कधी मोडायची वेळ आली तर चिठ्ठीला कुणी विचारत नाही.

पत्रिका पन्नासच छापल्या, वडीलधाऱ्यांसाठी आणि देवापुढे ठेवायला, बाकीच्यांना मोबाईलवर. अगदी शून्य मात्र करू नका. लग्नाची नोंदणी करायला जाता तेव्हा पत्रिका मागतात. नोंदणी सगळ्यांनी करा. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या प्रभाग कार्यालयात. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचे फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही. नव्वद दिवसांच्या आत गेलात तर फी अगदी किरकोळ. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा पूर्ण नसेल तर नोंदणीच काय, लग्नही नाही, त्यावर मी इथे वाद घालणार नाही.

ज्यांना हेही झेपणार नाही त्यांनी सामुदायिक विवाहाची चौकशी करा. शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी शासनाची शुभमंगल सामूहिक विवाह योजना आहे, अनुसूचित जाती, भटक्या विमुक्तांसाठी कन्यादान योजना आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, समाजकल्याण कार्यालयात आत्ताची रक्कम आणि अटी विचारा. आमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर अशी जोडपी आहेत, जी लग्नजेवणाला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं बिनलग्नाची राहतात आणि सामुदायिक मांडवात आई-बाप झाल्यावर उभी राहतात. कधी कधी त्यांच्या अंगावर स्वतःचं मूल असतं. त्यांना कमी लेखू नका. त्यांनी कर्ज काढलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी बेरीज. हॉल, जेवण, मंडप, कपडे, फोटो, गाडी, भटजी, मंगळसूत्र, सगळं धरून एक लाख पस्तीस हजार झाले. दीड लाखातले पंधरा हजार राहिले. ते अडीअडचणीला म्हणून वेगळे काढलेले होते. त्यातले आठ हजार चारशे व्याजाचे म्हणून गटाच्याच बचत खात्यात ठेवले. उरलेले सहा हजार सहाशे मुलाच्या आईने मुलीच्या हातात दिले, गॅस शेगडी घ्यायला.

त्यानंतर आमच्या गटाने ठराव केला, लग्नाचं कर्ज चाळीस हजारांच्या वर नाही आणि वही दाखवल्याशिवाय नाही. ठरावाला दोघींनी हात वर केला नाही. त्यातल्या एकीच्या मुलाचं यंदा लग्न आहे, आणि ती म्हणते मुलाच्या लग्नाला वही कशाला? बोलणं चालू आहे आमचं. तिची वही मी माझ्या पिशवीत घेऊनच फिरते.

ताईंनी या महिन्यात दहावा हप्ता भरला. दोन हजार मुद्दल आणि चारशे चाळीस रुपये व्याज. भरताना त्यांच्या केसात मोगरा होता, कुठून आणला कोण जाणे, फेब्रुवारीत मोगरा महाग असतो.